हातबांधे सर

सर कुणाच्याही मोबाईलला हात लावत नसत. कॉम्प्युटरला नाही, माऊसला नाही, प्रोजेक्टरच्या रिमोटला तर नाहीच नाही. आणि त्यांना काम काय दिलेलं, तर आम्हा प्राध्यापक मंडळींना हीच यंत्रं वापरून नीट शिकवायला शिकवायचं. आता बोला.

शिकणारा खुर्चीत बसायचा. सर त्याच्या मागे उभे. दोन्ही हात पाठीमागे, उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरलेलं, मान किंचित पुढे. "सर, आता काय करू?" असं विचारलं की म्हणायचे, "काय करावं वाटतंय?" पुढचा वैतागून काहीतरी दाबायचा, पडद्यावरचं सगळं गायब व्हायचं, आणि सर तसेच उभे. आमच्या इंग्रजीच्या सरांनी एकदा संतापून माऊस उचलून त्यांच्यासमोर धरला, घ्या, तुम्हीच करा म्हणाले. तर हे पुढ्यात कुणी विंचू धरावा तसे दोन पावलं मागे सरले. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये त्यांचं नाव हातबांधे सर पडलं. आडनाव म्हणून शोभलंही असतं. त्यांचं खरं नाव मस्टरवर तेवढं राहिलं.

मी भूगोल शिकवते. आमचं कॉलेज तासगावच्या बाजूला, मागच्या भिंतीला लागूनच द्राक्षबाग. संस्थेची कॉलेजं सातारा-सांगलीभर पसरलेली आणि बदल्या कुणाला चुकत नाहीत, तशी सरांचीही साताऱ्याकडून आमच्याकडे बदली झाली, निवृत्तीला एकच वर्ष राहिलं असताना. विषय पदार्थविज्ञान, मूळ गाव वडूजकडचं. बोलणंही तिकडचंच, त्यात पदव्यांनी काडीचा फरक पाडला नव्हता. अंगात बिनबाह्यांचा मरून स्वेटर, तोही आमच्या मार्चमधल्या उन्हाळ्यात. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले त्याला खिसे आहेत. त्या खिशांत भाजलेल्या शेंगा असायच्या. समोरच्याला द्यायचे, स्वतः खायचे आणि टरफलं दुसऱ्या खिशात.

यंत्राला हात न लावणारा हा माणूस एका वस्तूला मात्र न विचारता हात लावायचा, ती म्हणजे दुसऱ्याचा पाण्याचा ग्लास. स्टाफरूममध्ये कुणी अर्धा ग्लास पाणी तसंच ठेवून उठलं की सर तो उचलून बाहेरच्या कडुनिंबाच्या बुडात ओतायचे. परत येऊन शांतपणे सांगायचे, "आमच्याकडं एवढ्या पाण्यावर कोंबडी जगती." हिंदीच्या मॅडमना त्याचा फार राग. त्यांनी घरून बाटली आणायला सुरुवात केली, तर सर बाटलीकडेही बघायला लागले.

आमच्या प्राचार्यांना कार्यशाळा आवडते. फलक, नारळ, पाहुणे, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. सरांना येऊन आठवडा होतोय न होतोय तोच त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि आधुनिक तंत्रज्ञानावर बोला म्हणून सरांना उभं केलं. सर बोललेच नाहीत. पहिल्या रांगेपासून एकेकाला विचारत सुटले, शिकवताना काय अडतंय. कुणाचं काही अडत नव्हतं हो. हिंदीच्या मॅडम म्हणाल्या सगळं व्यवस्थित आहे. इंग्रजीचे सर म्हणाले मुलांनाच आवड नाही. कुणी म्हणालं पीपीटी बनवायला शिकवा, तर सर म्हणाले, कशासाठी? मग सर सरळ खुर्चीत बसले आणि शेंगा सोलायला लागले. हॉलमध्ये एवढी शांतता पसरली की प्राचार्यांनाच घाम फुटला. बऱ्याच वेळानं रसायनशास्त्राचे सर चाचरत म्हणाले, मी फळ्यावर लिहिलेलं मागच्या बाकांना दिसत नाही, पण मुलं तसं सांगत नाहीत, एकमेकांच्या वह्या बघून उतरवतात. सर ताडकन उठले. "हां. हे अडणं झालं." आणि त्या दिवसाची कार्यशाळा म्हणजे रसायनशास्त्राच्या त्या एका वर्गात जाऊन, आपला मोबाईल फळ्यापुढे कसा बांधायचा आणि त्यातलं चित्र पडद्यावर मोठं कसं दाखवायचं, एवढंच झालं. प्रमाणपत्रं छापून आली होती ती कपाटात राहिली.

स्मार्ट बोर्डाची गोष्ट सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत.

कॉमर्सच्या वर्गात नवा बोर्ड बसला होता. बोटानं लिहायचं, बोटानं पान उलटायचं. खंडेनवमीला कॉलेजातल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली, झेरॉक्स मशीनपासून पाण्याच्या मोटरीपर्यंत. मग सगळ्यात महागाच्या यंत्राला कसं वगळणार? शिपाईमामांनी बोर्डाला ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत झेंडूची माळ घातली, ट्रॅक्टरला घालतात तशी. पुढे सुट्ट्या लागल्या. दिवाळीनंतर कॉमर्सच्या सरांनी बोर्ड सुरू केला, तर तो पिसाळलेला. आपोआप पानं उलटतायत, आपोआप रेघा उमटतायत, ताळेबंदाच्या मधोमध मोठं वर्तुळ. कुणी म्हणे व्हायरस, कुणी म्हणे वायरिंग. कंपनीला फोन झाले, माणूस पाठवतो म्हणाले आणि विसरले. शेवटी प्राचार्य स्वतः सरांना घेऊन आले.

सरांनी हात मागे बांधले, बोर्डासमोर उभे राहिले, खालून वरपर्यंत बघितलं. मग कॉमर्सच्या सरांना विचारलं, हे कधीपासून. दिवाळीनंतर. त्याच्या आधी काय झालं? सुट्टी. त्याच्या आधी? परीक्षा. त्याच्या आधी? कॉमर्सचे सर वैतागले, आता काय जन्मापासून सांगू का म्हणाले. सर गप्प. मुलं खिदळायला लागली. हळूहळू सरांच्या गप्प बसण्यानंच असेल, कॉमर्सचे सर आठवायला लागले, बोर्डाजवळ गेले, चौकटीवरून बोट फिरवलं आणि थबकले. खालच्या चौकटीच्या खाचेत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अडकल्या होत्या. वरच्या कोपऱ्यात माळेचा दोरा लोंबत होता. त्यांनी पट्टीनं सगळं खरवडून काढलं, दोरा ओढला, आणि बोर्ड शहाण्या पोरासारखा वागायला लागला. मग सरांनी समजावलं, की ह्या चौकटीतून न दिसणारा प्रकाश जात असतो, मधे जे येईल ते बोर्डाला बोट वाटतं. म्हणाले, त्याला वाटलं झेंडूच शिकवतोय.

प्राचार्यांच्या लक्षात आलं की ह्यांना आत आल्या आल्या कळलं होतं. मग सांगायचं नाही का, सगळा तास गेला, असं ते जरा चिडूनच म्हणाले. सर म्हणाले, "पुढच्या खंडेनवमीला मी वडूजात असनार. तवा कोन सांगनार?"

माझा आणि सरांचा संबंध मात्र भांडणानं सुरू झाला.

आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला विशेष भूगोल आहे. मी इथे आले तेव्हा नव्हता. प्रस्ताव मी लिहिले, खेटे मी घातले, गच्चीवर पर्जन्यमापक मी बसवला आणि त्यावर बसणारी कबुतरंही मीच हाकलली. पण पट दरवर्षी उतरत चाललेला. गेल्या जूनमध्येच प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा दुसऱ्या वर्षाची मुलं पास होऊन पुढे आली नाहीत, पट भरला नाही, तर विशेष भूगोल बंद. आणि बंद म्हणजे मी जादा. मग साताऱ्याच्या पलीकडे कुठल्या तरी कॉलेजात, दुसऱ्या कुणीतरी उभ्या केलेल्या विभागात कोपऱ्यातल्या टेबलावर. ते मला सहन होणार नव्हतं, हे मी आजही उघड सांगते.

आमच्या वर्गात बहुतेक मुलीच. संक्रांत उलटली की वर्ग विरळ व्हायला लागतो आणि फेब्रुवारीत बाकं रिकामी. सगळ्या बेदाण्याच्या शेडवर. कुणाची स्वतःची बाग, कुणी मजुरीला. द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरायची, वाळली की झाडून काढायची, मग परातीभोवती बसून काड्या निवडायच्या. हा सगळा हंगाम आमच्या परीक्षेच्या तोंडावर. मग काही जणी परीक्षेलाच येत नाहीत, काही येऊन नापास होतात आणि घरचे म्हणतात, झालं तेवढं शिक्षण पुरे.

मी सरांना म्हटलं, मला व्हिडिओ करायला शिकवा, मुली वर्गात येत नाहीत तर वर्ग त्यांच्याकडे पाठवते. सर म्हणाले आधी तुमचा तास ऐकतो. आले, शेवटच्या बाकावर बसले, डोळे मिटले. झोपले असं मला वाटलं आणि मी इरेला पेटून शिकवलं. माझा तास म्हणजे घंटेपासून घंटेपर्यंत, मधे खंड नाही. लोक बाहेरच्या व्हरांड्यात उभं राहून ऐकतात, हे मी स्वतःबद्दल सांगू नये, पण ऐकतात. तास संपल्यावर सर जिन्यात भेटले.

"मॅडम, तुमी श्वास कवा घेता?"

मला वाटलं कौतुक आहे. मी हसले. तर पुढे म्हणाले, तुम्ही तासात प्रश्न लय विचारता, पण उत्तर पण तुम्हीच देता, लगेच. मग पोरींनी तोंड कशाला उघडायचं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ह्या माणसाला स्वतःला चार वाक्यं धड बोलता येत नाहीत आणि मला शिकवतोय! मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. ते रोज माझ्या टेबलावर मूठभर शेंगा ठेवून जायचे. मी त्या खायचे, पण बोलायचे नाही.

व्हिडिओ मी माझे मी केले. नकाशे, रंगीत बाण, सरकणारे ढग, मागे मंद संगीत. रविवारच्या रविवार त्यात घालवले. वर्गाच्या ग्रुपवर टाकले. फुलं आली, नमस्कार आले. दीपाली म्हणून एक मुलगी होती, वर्गात शब्द न बोलणारी पण वही देखणी ठेवणारी, तिनं लिहिलं, मॅडम व्हिडिओ छान आहे. मी तिला त्यातलाच एक साधा प्रश्न विचारला, तर उत्तर नाही. कुणाकडूनच नाही. तेव्हा नाइलाजानं सरांकडे गेले आणि आजकालच्या मुलींना गोडीच नाही म्हणून तणतणले. सरांनी एवढंच विचारलं, की त्या कुठं बसून बघतात. मी म्हटलं घरी. पाहिलंय का? नव्हतं पाहिलं.

शनिवारी दुपारी दीपालीच्या शेडवर निघालो. माझी स्कूटी, मी पुढे, सर मागे. तिथेही ह्यांनी हात मागे नेऊन कॅरियर धरलेलं. रस्त्यानं आमचे विद्यार्थी भेटत होते आणि बघून माना वळवून हसत होते.

शेड म्हणजे वर छप्पर, बाजू मोकळ्या, आत मजल्यामजल्यांनी ताणलेल्या जाळ्या आणि त्यांवर हिरवी-पिवळी द्राक्षं. खाली परातींभोवती बायका बसलेल्या. दीपाली आम्हाला बघून उठली आणि हात कुठे ठेवावेत तिला कळेना, कोपरापर्यंत चिकट. तिच्या आईनं पोतं झटकून अंथरलं, बसा की बाई म्हणाली. मोबाईल शेडच्या तारेला प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगला होता, गाणी चालली होती. मी दीपालीला विचारलं, खरं सांग, व्हिडिओ बघतेस का. ती खाली बघून म्हणाली, लावला होता मॅडम, सगळ्यांनी ऐकला. पण तुम्ही म्हणता हा बघा बाण, आणि इथून बाण काही दिसत नाही, हात धुवून उठावं तर मुकादम ओरडतो. मग मावश्या म्हणाल्या, गाणी लाव.

परत येताना चहाच्या गाड्यावर थांबलो. सरांनी बशीत चहा ओतला आणि विचारलं, पोरीचे डोळे कुठं होते. मी म्हटलं परातीत. हात? तेही परातीत. मग रिकामं काय? माझा पारा चढलेलाच होता, मी चिडून म्हटलं, "कान!" सर चहा प्यायला लागले. जरा वेळानं मलाच कळलं मी काय बोलले ते.

मग आम्ही नकाशांच्या खोलीत बसून माझा नुसता आवाज ध्वनिमुद्रित करायला लागलो. आमच्या म्हणजे माझ्या मोबाईलवर, माझ्या हातानं. सर मागे उभे. पहिल्याच दिवशी उमगलं की हे बघा, इथे, वर दाखवल्याप्रमाणे, असं म्हटल्याशिवाय मला एक वाक्य पुढे सरकता येत नाही. नकाशाशिवाय भूगोल म्हणजे माझी जीभच कापल्यासारखं झालं. सर म्हणाले, शेडमध्ये बसलेल्या बाईच्या कुठल्या बाजूला सह्याद्री? मी म्हटलं मावळतीला. मग झालं की, म्हणाले. त्या दिवशीचा पाठ मी असा सुरू केला: हातातलं काम चालू द्या, मनातल्या मनात मावळतीकडं तोंड करा, समोर लांबवर डोंगर आहे आणि डोंगराच्या पलीकडे समुद्र. इतकं सोपं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते आणि मला स्वतःला ते ऐकून बरं वाटलं.

पण खरी जुंपली ती पुढे. मी विचारलं होतं, महाबळेश्वरला पाऊस पडून पडून नको होतो, आणि तिथून फार लांब नाही त्या वडूजला, आटपाडीला का पडत नाही? आणि सवयीप्रमाणे सगळं पर्जन्यछायेचं उत्तर सांगून टाकलं होतं. सर म्हणाले, उत्तर कापा. प्रश्नावर बंद करा, उत्तर उद्या. मी म्हटलं, अहो, अर्धवट पाठ पाठवू? हसतील मला. म्हणाले, अर्धवटच पाठवा. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. सर हात मागे बांधून उभे. शेवटी दमून म्हटलं बरं, कापा. ते हसले आणि म्हणाले, कात्रीचं चिन्ह कुठं दिसतंय का बघा. माझंच उत्तर माझ्याच बोटानं कापायला लावलं मला त्या माणसानं.

त्या संध्याकाळीच मी त्यांना विचारलं, हे हात बांधण्याचं खूळ आलं कुठून. सांगायला नाखूश होते, पण सांगितलं. नवीन नोकरीत असताना प्रयोगशाळेत त्यांचा हात भारी साफ. मुलांच्या जोडण्या चुकल्या की हे पटकन स्वतः लावून द्यायचे, सुई कशी हलते ते दाखवायचे, मुलं खूश, हे खूश. परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले तेव्हा सगळी तुकडी वायरी हातात धरून नुसती उभी राहिली आणि दाराकडे बघत राहिली, सर कधी येतात म्हणून. "त्यांची नजर अजून दिसती मला," एवढं बोलून त्यांनी माझ्या ग्लासातलं उरलेलं पाणी नेऊन झाडाला घातलं.

दोन-तीन दिवसांनी तो पाठ ग्रुपवर टाकला, आणि त्याच दिवशी आम्ही पुन्हा शेडवर गेलो, न कळवता. मागच्या बाजूला, शेडनेटच्या कापडाआड उभे राहिलो. आतून माझाच आवाज येत होता, तारेला टांगलेला. डोंगर झाला, समुद्र झाला, आणि वडूजला पाऊस का नाही, हा प्रश्न आला. त्यावर आवाज बंद. आत क्षणभर काड्या मोडल्याचा तेवढा आवाज. मी डोळे मिटून घेतले, आता हसतील म्हणून.

एक बाई म्हणाली, तिकडं झाडं लय हायत म्हणून पडतो. दुसरी म्हणाली, अगं झाडं पावसानं झाली, का पाऊस झाडानं आला? तिसरीची नणंद वडूजला दिलेली, ती सांगायला लागली की तिथंही ढग येतात, अगदी काळे येतात, पण सांडत नाहीत, पुढं निघून जातात. मग सगळ्यांचा मोर्चा दीपालीकडे वळला. तू कॉलेजला जातीस न्हवं, मग सांग की. दीपाली म्हणाली मॅडम उद्या सांगणार आहेत. तिची आई म्हणाली, "उद्याचं उद्या. तुला काय वाटतंय?"

आणि वर्गात दोन वर्षं तोंड न उघडलेली ती मुलगी बोलायला लागली. कापडाच्या फटीतून मला दिसत होती, चिकट हात हवेत धरून डोंगर दाखवत होती. ढग चढावर गार होतो, म्हणाली, म्हणून तिथंच रिकामा होतो. आणि मग उताराला आला की... इथं ती अडली. मला राहवेना. पुढचं उत्तर माझ्या जिभेवर होतं, मी पाय उचललाच होता.

"हात लावू नका," सर माझ्यामागून हळू म्हणाले.

मी थांबले. आत दीपाली अडलेलीच होती आणि कुणी बोलत नव्हतं. एवढा मोठा थांबा मी माझ्या वर्गात कधी राहू दिला नव्हता. मग ती म्हणाली, उताराला हवा तापत जात असंल, मग कशाला सांडतंय पाणी. बायका हं म्हणाल्या. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. सर शेंगा सोलत होते आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

त्यानंतर हंगाम संपेपर्यंत रोज एक पाठ गेला आणि रोज प्रश्नावर थांबला. उत्तरं मुली ग्रुपवर बोलून पाठवायच्या, मागे बायकांचा कालवा. परीक्षेला मुली आल्या. सगळ्या नाही आल्या, पण मी मोजत बसणं सोडलं इतक्या आल्या. मेअखेर सरांचा निरोप समारंभ झाला. प्राचार्यांनी शाल घातली, कपाटातली ती जुनी प्रमाणपत्रं काढून त्यातलं एक त्यांनाच दिलं. सरांना दोन शब्द बोला म्हटलं, तर त्यांनी मंचावरच्या ग्लासांतलं उरलेलं सगळं पाणी एका ग्लासात गोळा केलं आणि ते घेऊन झाडाकडे गेले. आम्ही वाट बघत बसलो. ते झाडापासून तसेच गेटकडे गेले आणि एसटी धरून वडूजला निघून गेले.

जूनमध्ये निकाल लागला. दीपाली पास होती, बऱ्याच जणी होत्या. पण पास होणं वेगळं आणि पुढे नाव घालणं वेगळं. प्रवेशाचे दिवस संपत आले तरी विशेष भूगोलाचा पट भरेना, तीन नावं कमीच पडत होती. दीपालीच्या वडिलांनी आता पुरे म्हणून सांगितल्याचं कानावर आलं होतं. मी फोन करावा म्हणून चारदा मोबाईल हातात घेतला आणि ठेवला. प्राचार्यांनी बदलीचा विषय काढून ठेवला होता.

शेवटच्या दिवशी दुपारी दीपालीची आई आली. मागे दीपाली, आणि तिच्या मागे शेडवरच्या आणखी दोन बायका आपापल्या, आमच्याच वर्गातल्या मुलींना घेऊन. नवीन लुगडी नेसून आल्या होत्या. मी उठून उभी राहिले. घरचे हो म्हणाले का, विचारलं. ती खुर्चीत नीट बसली, पदर सारखा केला.

"बाई, शेवटच्या दिशी तुमी इचारलंत, नद्या समद्या गोड, मग समुद्र खारा का. आन् बंदच केलं. सीझन संपला, तुमी सांगितलंच न्हाई." मग दीपालीकडे मान हलवून म्हणाली, "हिच्या बाला म्हनलं, ही घरी बसली तर आमाला कोन सांगनार? तुमी सांगता का? त्यो काय बोलतोय. घाला हिचं नाव."

खरं तर तो शेवटचा पाठ मी सवयीनं प्रश्नावर तोडला होता आणि उत्तर पाठवायचं परीक्षेच्या गडबडीत राहून गेलं होतं. मी तोंड उघडलं, समुद्राचं सांगायला, आणि मिटलं. त्या दोघींनीही मुलींची नावं घातली. पट भरला, अगदी काठोकाठ.

मुली कार्यालयात गेल्यावर मी सरांना फोन लावला. सगळं सांगितलं, दीपालीच्या आईचं बोलणं जसंच्या तसं. पलीकडून काही नाही. पूर्वीची मी असते तर ऐकू येतंय ना, हॅलो, हॅलो, करून फोन डोक्यावर घेतला असता. मी थांबले. कुठेतरी झाडाच्या बुडात पाणी ओतल्याचा आवाज आला.

मग सर म्हणाले, "बरं. आता काय अडतंय?"

मी विचार केला. खूप वेळ केला, त्यांनी करू दिला.

"काही नाही, सर," मी म्हटलं. आणि ते खरं होतं, म्हणून मला रडू आवरेना.